दुर्बिणीवरचं कुंकू

नवरात्र बसलं की मी नागपूरच्या गांधीबागेतल्या कापडबाजारात जाऊन अर्धा मीटर मलमल घेते. दुकानदार दरवर्षी तोच आणि त्याचा प्रश्नही तोच. "बाळंतविडा आहे का ताई?" माझे पिकलेले केस पाहता हा प्रश्न विचारायला छाती लागते. मी म्हणते, "नाही हो, दुर्बीण पुसायची आहे." मग तो आत आवाज देतो, "अरे, वो मुलायमवाली निकाल!" आणि ठाणाचा शेवटचा तुकडा गालाला लावून बघतो. मीही बघते. त्या गर्दीत, हातगाड्यांच्या घंटा आणि रिक्षांचे भोंगे चालू असताना, दोन मोठी माणसं गालाला कापड लावून उभी असतात. कोणाला त्याचं काही वाटत नाही.

घरी पोचायच्या आत बाबांचा फोन येतो.

"मलमल आणली का वं?"

"आणली. पण मागच्या वर्षीची चांगली आहे नं अजून."

"ते धुऊन धुऊन काडी झाली. काचेचं माणसासारखं नसते बाई. तिले दरवर्षी नवं लागते."

आईला दोन वर्षांत एक लुगडं आणणारा हा माणूस! पण काचेचं नाव निघालं की त्यांच्याशी वाद घालू नये.

ही दुर्बीण बंदुकीवर बसवायची. हे सांगितलं की लोक भुवया उंचावतात, वडील शिकारी होते का म्हणून विचारतात. कसले शिकारी! बाबा खापरखेड्याच्या वीजकेंद्रात फिटर होते आणि सुट्टीच्या दिवशी शेतकरी. चार एकर वावर, त्यात हरभरा, गहू, बांधाला तूर, विहिरीजवळ संत्र्याची तीसेक झाडं. रायफल पीक राखायच्या परवान्यावर घेतलेली. रानडुक्कर मारायचं तर त्याचीही वेगळी परवानगी काढावी लागे. उभ्या आयुष्यात बाबांनी दोन डुकरं मारली आणि दुसऱ्याच्या वेळी दोन दिवस धड जेवले नाहीत. आई म्हणायची, "डुक्कर मेलं अन् सुतक आमच्या घरी."

बाबांचा जीव मारण्यात नव्हताच. तो होता दुर्बीण बसवण्यात. ती बसवणं, तिचा नेम जुळवणं, ती पुसणं, ती डब्यात ठेवणं, यात त्यांचा सगळा फिटरपणा आणि सगळी माया खर्च व्हायची. माझ्या लग्नात ते इतके बारकाईने कुठे उभे राहिले नव्हते, हे मी त्यांना तोंडावर सांगितलेलं आहे.

दिवाळीच्या आगेमागे एका रविवारी तो कार्यक्रम असायचा. वावरातल्या खोलीपुढे खाट टाकायची. खाटेवर रेतीच्या दोन पिशव्या, माझ्या जुन्या जीन्सच्या पायांच्या शिवलेल्या. त्यांवर रायफल. पण त्याआधी एक गोष्ट, जी कधी चुकली नाही. बाबा रायफलीचा बोल्ट काढायचे. बोल्ट म्हणजे मागचा तो लोखंडी दांडा. तो नसला की बंदूक म्हणजे नुसती नळी. तो काढून आईच्या हातात द्यायचा आणि आईने तो ओटीत बांधून घ्यायचा. "बोल्ट तुह्या आईजवळ, दुर्बीण माह्याजवळ. काम चालू असताना दोन्ही एका जागी नाही." आई मग दिवसभर त्या ओझ्यासकट भाकरी थापायची, तण निंदायची, शेजारणीशी भांडायची. तिच्या प्रत्येक लुगड्याला कमरेजवळ तेलाचा एक डाग असायचा.

मग आमचं दोघांचं काम. खालची पट्टी, तिच्यावर दोन कड्या, कड्यांत दुर्बीण. चार स्क्रू. एक पूर्ण आवळून मग दुसरा, असं केलं की बाबांचा संताप. "तिरपे आवळ वं! थोडा हा, थोडा समोरचा. पाइपाचा जोड आवळतो तसा. एकाच बाजूनं पिळशील तं नळी चेपते." डोळा आणि दुर्बीण यांच्यात तीन बोटं अंतर सोडायचं. ते न सोडल्याचं प्रमाणपत्र बाबांच्या उजव्या भुवईवर आहे, अर्ध्या चंद्राच्या आकाराची खूण. पहिल्याच वर्षी गोळीच्या धक्क्याने दुर्बीण येऊन आपटली होती. आई पाहुण्यांना सांगायची, मीच मारलं म्हणून, आणि बाबा तिला खोडून काढायचे नाहीत.

दुर्बिणीच्या आत दोन बारीक काळ्या रेघा असतात, एक उभी, एक आडवी. उभी रेघ खरोखर उभी हवी, नाहीतर लांबची गोळी बाजूला सरकते. लोक त्यासाठी ओळंबा टांगतात. आमच्या समोर वीजकेंद्राच्या चिमण्या होत्या. "कडेवर नको लावू, चिमणी वर निमुळती असते, फसशील. मधल्या शिडीवर लाव." चिमणीच्या अंगावर वरपर्यंत जाणारी लोखंडी शिडी आहे. दोन किलोमीटरवरून नुसत्या डोळ्यांना ती दिसत नाही, दुर्बिणीतून मात्र तिच्या पायऱ्या दिसतात. बाबा त्या शिडीच्या काही पायऱ्या नोकरीत चढलेले होते. म्हणून की काय, ती शिडी दिसली की ते दरवेळी म्हणायचे, "ते पाह्य माही शिडी."

रेघ शिडीवर बसली की चारही स्क्रू शेवटचे आवळायचे आणि त्यांच्यावरून माझ्या लाल नेलपॉलिशचा एकेक बारीक फराटा ओढायचा. स्क्रू जरा जरी हलला तरी तो फराटा तुटलेला दिसतो. घरात नेलपॉलिश फक्त या कामाला येई. मी बोटांना लावली की बाबा विचारायचे, "काहून? तू ढिली होऊन राह्यली का?"

पुढच्या आठवड्यात शहराबाहेरच्या नेमबाजीच्या मैदानावर जायचं, तीन गोळ्या झाडायच्या, भोकं कुठे पडली ते बघायचं आणि दुर्बिणीवरची चकती टिकटिक फिरवून नेम जाग्यावर आणायचा. तो एकदा जमला की वर्षभर त्या चार स्क्रूंना कोणी हात लावायचा नाही. आईने नाही, मी नाही, देवानेही नाही. नेम हलला तर पुन्हा सगळं पहिल्यापासून, आणि बाबांचा तो चेहरा आठवडाभर कोण बघणार?

आता त्या वर्षाचं सांगते. बाबा निवृत्त होऊन सहा-सात वर्षं झाली होती. खंडेनवमीला आई घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा मांडते. विळे, पावशी, कुऱ्हाड, बाबांचे पाने, माझी गाडी, शिवणाचं मशीन आणि शेवटी पाटावर रायफल. एरवी बाबा आदल्या रात्री दुर्बिणीच्या दोन्ही तोंडांवर टोपणं चढवायचे. त्या वर्षी विसरले. आईने बंदुकीच्या दस्त्याला कुंकू लावलं, नळीला लावलं, आणि समोर तो गोल, निळसर चमकणारा डोळा बघून त्यालाही हळद-कुंकवाचं बोट ठसठशीत टेकवलं. वर झेंडूचं फूल.

"अवं! अवं! काय केलं हे!"

आई दचकली आणि तिने त्या घाईत जे करायला नको तेच केलं. ओला पदर घेऊन काच खसाखसा पुसली.

बाबा पाटासमोर मटकन बसले. मग म्हणाले, "कुंकवात किती कचकच असते, माहीत आहे तुले?"

"डोळ्याले नाही लावायचं तं मंग कुठं लावायचं?" आई रडवेली झाली होती. "तुमचीच वस्तू म्हणून मनापासून लावलं नं मी."

काचेवर केसासारखे दोन ओरखडे राहिले. बाबांनी दुर्बीण उतरवून दिली आणि मी ती सीताबर्डीवर चष्मे-दुर्बिणी दुरुस्त करणाऱ्याकडे घेऊन गेले. त्याने भिंग लावून पाहिलं आणि हसला. म्हणाला, समोरच्या काचेवर एवढ्याशाने काही होत नाही, चित्र स्वच्छ आहे. हे बाबांना सांगितलं तर म्हणाले, "त्याले काय समजते? तो चष्मेवाला."

आणि मग ती थंडी आली.

अजूनही मार्गशीर्षात सकाळी बँकेत जायला गाडी काढली की हँडलचा गारठा हाताला लागतो आणि मला त्या वर्षीचं वावर आठवतं. हरभरा फुलावर आला होता. त्याच्या आंबेने, पानांवरच्या त्या आंबट दवाने, पायाची कातडी चुणचुणायची. संत्री पिवळी होत होती. विहिरीवर मोटार सुरू झाली की पाइपातून आधी कोमट पाणी यायचं, त्याखाली हात धरून आम्ही उभे राहायचो. तुरीच्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडलेल्या, एका परातीत तिघांचे हात. आई चुलीत वांगं भाजायची आणि त्या वासाने मला बँक, नागपूर, सासर, सगळं विसरायला व्हायचं. इतकं चांगलं चाललेलं असताना त्या घरात एक गोष्ट मात्र बिनसलेली होती. दुर्बिणीत धूर दिसत होता.

म्हणजे बाबांना दिसत होता. आधी म्हणाले धुकं आहे. मग म्हणाले धूळ आहे. मग निवडणुकीच्या वेळी बंदूक ठाण्यात जमा होती, तिथे कोणीतरी आपटली असणार असं निघालं. नेलपॉलिशचा एकही फराटा तुटलेला नव्हता, तरी त्यांनी पट्टी आणि कड्या काढून नव्या बसवल्या. रबरी फुग्याने हवा मारून धूळ उडवली, ब्रशने झटकली, वाफ देऊन मलमलीने मधून कडेकडे पुसली. माझ्या चपलांच्या खोक्यांतल्या ओल शोषणाऱ्या पुड्या जमवून दुर्बीण त्यांच्यासोबत आठ दिवस डब्यात बंद ठेवली. धूर गेला नाही. शेवटी सगळं फिरून एकाच जागी यायचं. "तुह्या आईच्या कुंकवानं केलं हे."

आई ऐकून घ्यायची. माझी आई, जी भाजीवालीचा एक शब्द उधार ठेवत नाही, ती मान खाली घालून गप्प बसायची! मला तिचा राग यायचा, त्याहून बाबांचा. मी स्वतः दुर्बिणीतून बघितलं की शिडीच्या पायऱ्या मोजता येत होत्या. मला चष्मेवाला आठवायचा आणि मी उठून जायचे. ज्या माणसाने सगळं आयुष्य दुसऱ्याच्या यंत्रातला दोष शोधण्यात घालवलं, त्याला कोणत्या तोंडाने सांगायचं?

आणि वेळ निघून चालला होता. शेजारच्या किसनाकाकाच्या हरभऱ्यात डुकरांनी अर्धा एकर नांगरल्यासारखा उकरून ठेवला होता. परवानगीचा कागद आला होता, बाबांच्या नावाचा. किसनाकाका रोज सकाळी येऊन उभा. "दादा, बंदूक घेऊन कधी बसता गा?" बाबांनी सांगून टाकलं, "सोमवारी."

मी त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, वावरात गेले. दुपारभर बाबा खाटेशी वाकून बसले होते. संध्याकाळ उतरायला लागली, चिमण्यांवरचे लाल दिवे लागले. त्यांनी रायफलीचं तोंड शिडीवरून काढून हरभऱ्याच्या टोकाकडे, धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या बाजूला वळवलं. आणि एकदम दबक्या आवाजात म्हणाले,

"आलं."

"काय आलं?"

"डुक्कर. एकटं आहे. मोठं. आज आपणहून आलं ते. जाय, आईजवळून बोल्ट घेऊन ये. पळ!"

दीडशे पावलांवर हरभऱ्यात काहीतरी तपकिरी, वाकलेलं, हळूहळू पुढे सरकत होतं. मी उठले. दोन पावलं गेले आणि का कोण जाणे, परत आले. "मला बघू द्या," म्हटलं. त्यांनी कुरकुर करत जागा दिली. मी डोळा लावला.

आई होती. तपकिरी शाल डोक्यावरून घेतलेली, वाकून हरभऱ्याचे कोवळे शेंडे खुडत होती. रात्रीच्या भाजीसाठी. एका हाताने ओटी धरली होती. त्या ओटीत भाजीखाली तो बोल्ट होता.

बंदूक रिकामी होती, नुसती नळी होती, हे मला ठाऊक होतं. तरी मनात एकच, उद्या सोमवार आहे.

"काहून थांबली? जाय नं!"

पळालं म्हणून सांगावं असं वाटलं. सोपं होतं ते. संध्याकाळ गोड गेली असती. पण मग उद्याचं काय? मी खाटेपाशी बसले आणि त्यांना त्यांचंच वाक्य ऐकवलं, जे मी लहानपणापासून हजारदा ऐकलं होतं.

"बाबा, बिघाड सापडत नसेल तर एकेक भाग बदलून पाहायचा, असं तुम्हीच सांगता नं?"

"हाव. मंग?"

"कड्या बदलल्या. पट्टी बदलली. कापड बदललं. आता डोळा बदला. डाव्यानं पाहा."

ते माझ्याकडे रागाने बघत राहिले. मग खाटेच्या दुसऱ्या बाजूला गेले, मान वाकडी करून डावा डोळा लावला.

विहिरीवरची मोटार बंद झाली. बाबा हलले नाहीत. त्यांचा हात तेवढा रायफलीवरून निघाला आणि मांडीवर येऊन पडला. मग त्यांनी पुन्हा उजवा डोळा लावला, पुन्हा डावा. चांगला फिटर खात्री करून घेतो. नंतर त्यांनी रायफलीचं तोंड उचलून आभाळाकडे केलं आणि खोलीच्या भिंतीला टेकून बसले.

"तिले हाक मार," ते म्हणाले. "थंडी पडून राह्यली. पुरे म्हणा भाजी."

आई आली, ओटीतली भाजी सुपात ओतली, बोल्ट काढून पुसला. बाबा तिच्याकडे बघत होते. ती चुलीकडे गेल्यावर मी तिच्या मागे गेले आणि सगळं सांगितलं. ती शेंडे निवडत राहिली.

"मले माहीत होतं," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"त्याईचा डोळा. पोळ्यापासून चहा कपाच्या बाहेर ओतून राह्यले. सांगितलं असतं तं मानलं असतं का? कुंकवावर घेतलं तं घेऊ दे म्हटलं. माह्या अंगाले काय भोकं पडते?"

"अगं, पण उद्या बंदूक घेऊन बसणार होते ते!"

आईने सूप बाजूला ठेवलं. "बसले असते. बोल्ट कुठं सापडला असता त्याईले?"

दसऱ्यापासून ही बाई शिव्या खात होती आणि मनात सगळं ठरवून बसली होती. दोन महिने मी हिला भोळी समजत होते!

दुसऱ्या दिवशी बाबांनी किसनाकाकाला स्वतः जाऊन सांगितलं, माझा डोळा गेला, तुम्ही दुसऱ्या परवानेवाल्याला बोलवा. हे सांगायला ते घालून गेले तो शर्ट लग्नकार्याचा होता. मोतीबिंदू निघाला. इतका पिकलेला, की डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काका, एवढे दिवस चालवलं कसं? बाबा म्हणाले, "सवयीनं."

ऑपरेशननंतर महिनाभराने, गव्हाच्या ओंब्या भरत असताना, आम्ही वावरात गेलो. भर दुपार होती. बाबांनी खाट टाकली, पिशव्या ठेवल्या, बोल्ट काढून आईला दिला. मला वाटलं आता शिडी. पण त्यांनी आईला सांगितलं, "तू जाय अन् त्या धुऱ्याजवळ उभी राह्य. तिथं, हरभऱ्याच्या टोकाले."

"काहून?"

"जाय म्हटलं नं."

आई पुटपुटत गेली. बाबांनी खिशातून पाना काढला. मला वाटलं स्क्रू तपासतील. त्यांनी पहिला ढिला केला. नेलपॉलिशचा फराटा तुटला. मग तिरपा समोरचा.

"बाबा! नेम जाईल!"

"जाऊ दे."

चारही स्क्रू त्यांनी आपल्या हाताने काढून माझ्या तळहातावर ठेवले. कड्या उघडल्या आणि दुर्बीण उचलून घेतली. रायफल तशीच खाटेवर, उघडी, माळ काढलेल्या बाईसारखी. ती दुर्बीण तिच्यावर पुन्हा कधीच बसली नाही. पुढच्या उन्हाळ्यात बंदूक ठाण्यात गेली ती कायमची, परवान्यासकट. बोल्ट तेवढा द्यायला आईने तीन दिवस लावले.

पण त्या दुपारी बाबा नुसती दुर्बीण दोन्ही हातांत धरून उभे राहिले, उजव्या डोळ्यापासून तीन बोटं अंतर सोडून. आई धुऱ्याजवळ ओटी धरून उभी होती, एवढीशी.

"कुंकू दिसून राह्यलं वं," ते म्हणाले. "जरासं तिरपं लागलं आहे आज."

मी डोळ्यांवर हात धरून धुऱ्याकडे पाहिलं.

"काहून हसून राह्यली तुही आई?"

"मला काय माहीत बाबा. इथून मला तिचं तोंडही दिसत नाही. द्या इकडे."

मी हात पुढे केला. त्यांनी दुर्बीण काही दिली नाही.